सेकेद : पिरॅमिडच्या उतारामागचं हात-बोटांचं गणित

गिझाच्या महापिरॅमिडचा पाया प्रत्येक बाजूला ४४० हात, उंची २८० हात आणि उतार, म्हणजे एक हात चढताना भिंत जेवढी आत सरकते ते माप, साडेपाच तळहात. यातले कोणतेही दोन आकडे माहीत असले की तिसरा निघतो. तो बांधवून घेणाऱ्या राजा खुफूच्या कारागिरांना बाहेरचा आकार उभारायला यापेक्षा जास्त काही लागलं नाही. आज आपण तोच आकार २३०.३ मीटर, १४६.६ मीटर आणि ५१ अंश ५० मिनिटे असा लिहितो आणि मग त्या अपूर्णांकांत गूढ शोधत बसतो. बांधणाऱ्यांच्या मापात परत गेलं की सगळे आकडे पूर्णांकात येतात, आणि कुठे काय चुकू शकलं असतं हेही दिसायला लागतं.

मापं आधी पक्की करू. राजहात म्हणजे सुमारे ५२.३ ते ५२.५ सेंटिमीटर. एका राजहातात ७ तळहात आणि एका तळहातात ४ बोटं, म्हणजे हाताला २८ बोटं. तळहात साधारण साडेसात सेंटिमीटरचा आणि बोट १.८७ सेंटिमीटरचं. ६ तळहातांचा एक छोटा हातही वापरात होता, पण इमारतीचं काम राजहातातच चाले. लांब अंतरासाठी १०० हातांचं 'खेत' हे एकक होतं. नव्या राज्याच्या, म्हणजे या पिरॅमिडांनंतर हजारभर वर्षांच्या, काळातल्या काही मोजपट्ट्या आज संग्रहालयांत आहेत. तुतनखामुनचा खजिनदार माया याची लाकडी पट्टी लूव्रमध्ये आहे. अशा पट्ट्यांवर एका टोकाकडून पहिल्या बोटाचे २ भाग, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे ४ असं करत पंधराव्या बोटाचे १६ भाग आखलेले दिसतात. म्हणजे मिलिमीटरच्या आसपासची मापं आखायची सोय पट्टीतच होती. पिरॅमिडच्या उतारासाठी मात्र एवढ्या बारकाईत शिरावं लागत नसे. तिथे सगळा व्यवहार पूर्ण बोटांत होई.

उतार मोजायची रीत

कोन अंशांत मोजायची पद्धत इजिप्तमध्ये नव्हती. उतार सांगायचा तर एक हात वर चढताना भिंत किती आत सरकते ते सांगायचं. हे आत सरकणं तळहात आणि बोटांत मोजलं जाई, आणि त्या मापाला 'सेकेद' म्हणत. सेकेद जितका मोठा तितका उतार सपाट. आपल्या अंशांच्या हे उलट आहे आणि नव्या वाचकाचा गोंधळ नेमका इथेच होतो. अंशांत आणायचं असेल तर ७ ला सेकेदने भागायचं आणि त्या भागाकाराचा व्यस्त स्पर्शज्या कोन काढायचा. ४ तळहातांचा सेकेद ६० अंश १५ मिनिटे देतो, ५ तळहातांचा ५४ अंश २८ मिनिटे, सव्वापाचचा ५३ अंश ८ मिनिटे, साडेपाचचा ५१ अंश ५१ मिनिटे आणि साडेसातचा ४३ अंश २ मिनिटे. जुन्या राज्यातल्या, म्हणजे पिरॅमिडांच्या युगातल्या, पिरॅमिडांचे मोजलेले उतार या मोजक्या आकड्यांभोवती गोळा होतात, म्हणून ही पद्धत त्या काळीही चालू होती असं मानायला भक्कम आधार आहे.

लेखी पुरावा नंतरचा आहे. ऱ्हाइंड पपायरस ही गणितांची गुंडाळी इसवी सनपूर्व १५५० च्या सुमाराला आह्मेस नावाच्या लेखनिकाने उतरवून काढली. मूळ मजकूर त्याहून जुना, बाराव्या राजवंशातल्या तिसऱ्या अमेनेमहातच्या काळचा, असं तो स्वतःच नोंदवतो. त्यातली ५६ ते ६० ही गणितं उताराची आहेत. छप्पन्नावं पूर्ण करून पाहण्यासारखं आहे. पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद किती?

पायाचं अर्ध १८०. आता २५० ला कशाने गुणलं की १८० येतील? इजिप्शियन रीतीने उत्तर एकक-अपूर्णांकांत (वर नेहमी १ असलेल्या) येतं : १/२ + १/५ + १/५०. अर्धे १२५, पाचवा भाग ५०, पन्नासावा भाग ५, बेरीज १८०. म्हणजे एक हात वर जाताना हाताचा एवढा भाग आत. हाताचे तळहात करायचे तर ७ ने गुणायचं. ७ गुणिले १/२ म्हणजे साडेतीन, ७ गुणिले १/५ म्हणजे १ + १/३ + १/१५, आणि ७ गुणिले १/५० म्हणजे १/१० + १/२५. सगळ्याची बेरीज ५ तळहात आणि वर १/२५ तळहात. हा पंचविसावा भाग म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. तो पाहिला की गणित शिकवणीचं आहे हे कळतं. जागेवर काम करणाऱ्या माणसाने सेकेद पूर्ण बोटांत बसेल असेच पाया आणि उंची निवडले असते, आणि पुढचं गणित तसंच आहे. पाया १४०, सेकेद ५ तळहात १ बोट, उंची काढा. रीत अशी : सेकेदची दुप्पट साडेदहा, ७ भागिले साडेदहा म्हणजे २/३, आणि १४० चे २/३ म्हणजे ९३ १/३ हात. दुप्पट का करायची, तर पाया दोन्ही बाजूंनी आत सरकतो. ही दुप्पट विसरली की उंची थेट दुप्पट निघते, म्हणून गणित तिथूनच सुरू केलं आहे.

दगडावर उतार कसा उतरतो

साडेपाच तळहात म्हणजे २२ बोटं आणि हात म्हणजे २८ बोटं. दोन्हींना २ ने भागलं की १४ वर, ११ आत. हे प्रमाण कोणत्याही एककात चालतं, म्हणून १४ आणि ११ च्या बाजूंचा एक लाकडी गुण्या केला की कुठल्याही उंचीच्या चिऱ्यावर उताराची रेघ मारता येते. हे महत्त्वाचं आहे, कारण महापिरॅमिडचे थर एका उंचीचे नाहीत. सगळ्यात खालचा थर जवळपास दीड मीटरचा आहे. वर जाताना थर पातळ होतात, पस्तिसाव्या थराला एकदम सव्वा मीटरच्या वर उडी आहे आणि शेंड्याजवळ थर साधारण एका हाताचे आहेत. दगडाच्या खाणीतून ज्या जाडीचा चिरा येईल त्या जाडीचा थर लावायचा. गुण्या तोच राहिला तर उतार बदलत नाही.

तुरा इथल्या पांढऱ्या चुनखडीचे आवरणाचे चिरे बसवताना पुढची बाजू थोडी जास्तीची ठेवत आणि सांध्याच्या बाजूंवर उताराची रेघ पक्की करून घेत. शेवटचं ताशीव काम वरून खाली होई. गिझाच्याच मेनकौरे राजाच्या पिरॅमिडावर खालच्या ग्रॅनाइटच्या थरांचं तासकाम अर्धवट राहिलं आहे. प्रवेशद्वाराजवळचा भाग गुळगुळीत आणि बाकीचे चिरे फुगीर, असा तो क्रम तिथे उघडा दिसतो. जास्तीचा दगड ठेवल्याने चूक सुधारायला काही सेंटिमीटरांची जागा मिळते. त्याहून मोठी चूक मात्र तासून जात नाही.

ती चूक किती मोठी होऊ शकते ते बघा. समजा एका बाजूच्या गवंड्यांनी साडेपाचऐवजी सव्वापाचचा गुण्या वापरला, म्हणजे फक्त एका बोटाचा फरक. २८० हात उंचीवर तो २८० बोटं होतो, म्हणजे १० हात, सव्वापाच मीटर. चारपैकी एक बाजू शेंड्यापासून सव्वापाच मीटर बाहेर राहील. चारही बाजूंनी एकच चूक केली तर शेंडा जुळेल, पण उंची २८० ऐवजी २९३ हात होईल. यातली पहिली चूक खरी घातक, कारण ती काम निम्म्यावर येईपर्यंत डोळ्याला दिसत नाही.

म्हणून दर काही थरांनी पडताळा घेणं भाग आहे, आणि साडेपाचच्या सेकेदमध्ये हा पडताळा सुंदर बसतो. ७ हात चढलं की प्रत्येक बाजू दोन्हीकडून साडेपाच-साडेपाच हात आत येते, म्हणजे बाजू ११ हातांनी कमी होते. ७ हातांवर ४२९, १४ वर ४१८, ७० वर ३३०, १४० वर बरोबर २२०. असे चाळीस टप्पे झाले की उंची २८० आणि बाजू शून्य. अपूर्णांक कुठेच येत नाही. पाया ४४० आणि उंची २८० का निवडली, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे. दोन्ही आकडे ११ आणि ७ ची चाळीसपट आहेत.

कोपऱ्याच्या कडेला मात्र हे सोपं राहत नाही. कड कर्णावर चालते, त्यामुळे तिथला सेकेद साडेपाच गुणिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७.७८ तळहात. जवळचं पूर्ण माप ७ तळहात ३ बोटं, म्हणजे ७.७५. एक-दोन थरांना हा फरक नगण्य आहे, पण संपूर्ण उंचीवर तो जवळजवळ ८ तळहात होतो, हातापेक्षाही जास्त. फक्त कडेवर भरवसा ठेवला तर चार कडा शेंड्याला एकमेकींना चुकतील. गिझाच्या दुसऱ्या मोठ्या, खाफ्रे राजाच्या, पिरॅमिडात शेंड्याजवळ किंचित पीळ दिसतो तो अशाच कारणाने : चार कडा नेमक्या एका बिंदूकडे रोखलेल्या नव्हत्या, आणि जुळवाजुळव शेवटी करावी लागली.

उतार जमिनीवर आखून घेण्याची पद्धत पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला मेदुमच्या १७ क्रमांकाच्या मस्तबात (चपट्या माथ्याच्या थडग्यात) सापडली. तिथे जमीन वरखाली होती आणि पायाचे कोपरे वेगवेगळ्या खोलीवर होते. कारागिरांनी प्रत्येक कोपऱ्याबाहेर कच्च्या विटांची काटकोनी भिंत उभारली, तिच्यावर एकेका हाताच्या अंतराने आडव्या रेघा मारल्या आणि भिंतीचा उतार खालपर्यंत तिरक्या रेघेने वाढवून काढला. चार हात वर, एक हात आत, सेकेद पावणेदोन. मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली की कुठल्याही खोलीवर भिंत कुठून सुरू करायची ते कळतं. इतक्या थेटपणे बांधकामाची आखणी दाखवणारा पुरावा विरळा. याच धर्तीचा आणखी एक पुरावा सक्काराला जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडाजवळ सापडला : चुनखडीच्या कपच्यावर काढलेला एक वक्र आणि त्याच्या उभ्या रेघांवर उंच्या, ९८, ९५, ८४, ६८ आणि ४१ बोटं. समान अंतरावर उंच्या देऊन वक्र आखायची ही रीत तिसऱ्या राजवंशातली आहे.

पाया : लांबी, काटकोन, पातळी, उत्तर

१९२५ मध्ये जे. एच. कोल यांनी इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यासाठी महापिरॅमिडचा पाया मोजला. उत्तर बाजू २३०.२५३ मीटर, दक्षिण २३०.४५४, पूर्व २३०.३९१, पश्चिम २३०.३५७. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजूत २० सेंटिमीटरांचा फरक. ४४० वेळा हाताची पट्टी पुढे ठेवायची तर दर ठेवणीला अर्धा मिलिमीटर एकाच दिशेने चुकला तरी एकूण २२ सेंटिमीटर होतात. म्हणजे जो फरक उरला तो पट्टी काळजीपूर्वक ठेवणाऱ्या माणसांचा आहे. दोरीने मोजलं असतं तर परिणाम याहून खूप वाईट आला असता, कारण तंतूंची दोरी ताणाने आणि ओलाव्याने लांबी बदलते. दोरी सरळ रेघ धरायला चांगली, लांबी मोजायला वाईट.

काटकोनाची अडचण वेगळी होती. पायाच्या मधोमध मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवून त्याभोवती पिरॅमिड बांधला, त्यामुळे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण ताणून पाहता येत नव्हता. प्रत्येक कोपरा जागेवरच काटकोनात आणावा लागला. ३-४-५ बाजूंचा काटकोन त्रिकोण करणाऱ्या दोरीने, मोठ्या गुण्याने, किंवा रेघेवरच्या दोन बिंदूंवरून समान त्रिज्येचे कंस मारून हे करता येतं. यातली कोणती रीत वापरली हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, पण मोठ्या त्रिज्येचे कंस सगळ्यात कमी चुकतात. कोपऱ्यांतली सर्वांत मोठी चूक साडेतीन मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास आहे, म्हणजे २३० मीटरच्या बाजूवर साधारण २३ सेंटिमीटर.

पातळी सगळ्यांत अचूक आहे. पायाच्या फरसबंदीची उंची कोल यांच्या मोजणीत जास्तीत जास्त २.१ सेंटिमीटरने बदलते. संपूर्ण पायाभोवती चर खणून त्यात पाणी भरलं, अशी कल्पना वारंवार सांगितली जाते. पठारावर तेवढं पाणी चढवायचं, ते वाळवंटी उन्हात आणि फटींमध्ये टिकवायचं, आणि मध्ये खडक सोडायचा, हे मला पटत नाही. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि तिच्या शेंड्यापासून लोंबणारा ओळंबा हे साधन इजिप्तमध्ये नक्की होतं. देर अल-मदीनाच्या सेन्नेजेमच्या थडग्यात ते गुण्या आणि उभ्या ओळंब्यासह सापडलं आहे. चौकटीचे पाय असमान असले तर ती कायम एकाच बाजूला चुकते. उपाय सोपा : एकदा मोजायचं, चौकट टोकाटोकी उलटी ठेवून पुन्हा मोजायचं आणि दोन खुणांचा मध्य घ्यायचा. दोन्ही चुका एकमेकींना खातात. हे दर टप्प्याला केलं तर दोन सेंटिमीटरांत राहणं शक्य आहे, आणि पाणी कुठेच लागत नाही.

उत्तर दिशेतली चूक बाजूगणिक दोन ते साडेपाच मिनिटांच्या दरम्यान, आणि चारही बाजू एकाच दिशेने, उत्तरेच्या किंचित पश्चिमेला वळलेल्या. एकाच दिशेने वळलेल्या म्हणजे उत्तर एकदाच ठरवली आणि मग बाकीच्या बाजू तिच्यावरून आखल्या. त्या काळी ध्रुवाजवळ आजच्यासारखा ठळक तारा नव्हता. एका ताऱ्याच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा कृत्रिम क्षितिजावर खुणावून त्यांचा मध्य घेणं ही एक रीत. इजिप्तच्या अभ्यासक केट स्पेन्स यांनी २००० साली दुसरी मांडली : सप्तर्षीतला वसिष्ठ आणि ध्रुवमत्स्यातला कोचब हे तारे एका उभ्या रेषेत येतात तो क्षण ओळंब्याने पकडायचा. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्याने ही रेषा वर्षांगणिक सरकते, म्हणून वेगवेगळ्या पिरॅमिडांची चूक क्रमाने बदलत जावी. तिसरी रीत सूर्याची : काठीच्या सावलीचं टोक सकाळी आणि दुपारनंतर एकाच वर्तुळाला कुठे छेदतं ते पाहून मध्य घ्यायचा. सावलीची कड धूसर असते ही त्यातली मर्यादा.

स्नेफेरूची तीन बांधकामं

प्रमाणं स्थिरावली ती चुका करूनच, आणि त्या खुफूचा बाप स्नेफेरू याच्या बांधकामांत दिसतात. मेदुमच्या पिरॅमिडाचा पाया २७५ हात, उंची १७५ हात. हेही ११ : ७, महापिरॅमिडाचंच प्रमाण, एक पिढी आधी. तिथे मूळ पायऱ्यांचा पिरॅमिड होता आणि बाहेरचं आवरण नंतर चढवलं. त्या आवरणाचा पाया खडकावर नव्हता आणि आतल्या पायऱ्यांच्या गुळगुळीत बाजूंशी त्याची नीट पकडही नव्हती. सेकेद बरोबर असूनही बाहेरचं आवरण टिकलं नाही.

दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडात अडचण उताराचीच होती. सांध्यांवरून अभ्यासकांनी मांडलेला क्रम असा : आधी ३०० हातांच्या पायावर सुमारे ६० अंशांनी, म्हणजे ४ च्या सेकेदने, चढायला सुरुवात झाली. जमीन मातीची आणि भुसभुशीत, वजनाने खचायला लागली. मग भोवती आणखी दगडाचा पट्टा बांधून पाया ३६० हात केला आणि सेकेद ५. साधारण ९० हातांवर पुन्हा उतार बदलला, या वेळी सुमारे साडेसात. ५ च्याच सेकेदने वर गेले असते तर उंची २५२ हात झाली असती. प्रत्यक्षात ती २०० हात, १०५ मीटर आहे. वाकण्याच्या वरच्या भागातलं जवळजवळ एक तृतीयांश वजन त्यामुळे टळलं. खालच्या भागात चिरे आतल्या बाजूला कलते लावले होते, वरच्या भागात ते आडवे लावले. माझ्या मते उतार बदलण्याइतकाच हा बदल मोलाचा आहे : कलते थर आतल्या खोल्यांकडे दाब ढकलतात, आडवे थर तो सरळ खाली नेतात. शेजारच्या लाल पिरॅमिडात पायापासूनच ४३ अंशांच्या आसपासचा सपाट उतार घेतला. खुफूच्या काळी खडकाचा पाया आणि आडवे थर दोन्ही मिळाले, तेव्हाच साडेपाचकडे परत येता आलं.

पाय (π) आणि सुवर्ण गुणोत्तर

पायाची परिमिती १७६० हात, उंचीची दुप्पट ५६० हात, भागाकार २२/७, म्हणजे पायच्या जवळ. उताराची तिरकी उंची भागिले पायाचं अर्ध, १.६१८ या सुवर्ण गुणोत्तराच्या अगदी जवळ. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही साडेपाचच्या सेकेदमधून आपोआप येतं. नेमका पाय धरला तर कोन ५१ अंश ५१ मिनिटे १४ सेकंद, सुवर्ण गुणोत्तर धरलं तर ५१ अंश ४९ मिनिटे ३८ सेकंद, आणि सेकेदचा ५१ अंश ५० मिनिटे ३४ सेकंद. उंचीत फरक पाहिला तर पायसाठी सुमारे ६ सेंटिमीटर जास्त, सुवर्ण गुणोत्तरासाठी सुमारे ८ सेंटिमीटर कमी. बाजूच एकमेकींपासून २० सेंटिमीटरने वेगळ्या असताना हा फरक कोणत्याही मोजणीने ठरवता येणार नाही. शिवाय ऱ्हाइंड पपायरसात वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना व्यासाचे ८/९ घेऊन वर्ग करतात, म्हणजे पायची किंमत ३.१६. ती वापरली असती तर उंची २७८.४ हात आली असती, ८० सेंटिमीटरहून जास्त कमी. तो फरक मात्र मोजणीत सहज दिसला असता.

हेतुपुरस्सर भूमिती शोधायची असेल तर महापिरॅमिडातल्या राजाच्या दालनात शोधावी. जमीन २० हात बाय १० हात, म्हणजे दोन चौरस. उंची ५.८४ मीटर, ११.१८ हात, हा पूर्णांक नाही. पण जमिनीचा कर्ण २२.३६ हात आणि त्याचं अर्ध ११.१८. कर्णावर दोरी ताणायची, दुमडायची, उंची तयार. त्यामुळे आखूड भिंतीचा कर्ण १५ हात येतो, लांब बाजू २० आहेच, आणि दालनाचा आरपार कर्ण २५ हात. ३-४-५ ची पाचपट. त्याच्याकडे चढत जाणाऱ्या महादालनातही माप मोकळं आहे : खाली रुंदी ४ हात, दोन्ही बाजूंनी सात वेळा प्रत्येकी सुमारे एक तळहात आत सरकत छताला २ हात. सात तळहात म्हणजे एक हात, दोन्ही बाजूंचे मिळून दोन. उतरत्या आणि चढत्या मार्गांचा उतार साडेसव्वीस अंशांच्या जवळपास, म्हणजे दोन हात पुढे गेलं की एक हात वर किंवा खाली.

दगड किती लागेल

मॉस्को पपायरस या दुसऱ्या गणिती गुंडाळीतल्या चौदाव्या गणितात शेंडा कापलेल्या पिरॅमिडाचं घनफळ आहे : पाया ४, माथा २, उंची ६. पायाचा वर्ग १६, पाया गुणिले माथा ८, माथ्याचा वर्ग ४, बेरीज २८, उंचीचा तिसरा भाग २, उत्तर ५६. बांधकामावर हेच सूत्र कामाचं, कारण अर्धवट पिरॅमिड कायम शेंडा कापलेलाच असतो. महापिरॅमिडाला ते लावा : पूर्ण घनफळ सुमारे १ कोटी ८० लाख ७० हजार घनहात, २६ लाख घनमीटरच्या जवळपास. १४० हातांवर बाजू २२० उरते आणि वर फक्त आठवा भाग दगड राहतो. उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चढलं तरी ७० टक्के दगड बसलेला असतो. उंचावर दगड नेणं अवघड, पण उंचावर न्यायचा दगड फार थोडा, हे या आकारातच आहे. दगड वर न्यायची उतरण कशी बांधली यावर वाद घालण्याआधी हा हिशेब समोर ठेवावा.

आजच्या मोजणीतून मागे जाताना

मीटर ०.५२३६ ने भागले की हात मिळतात, पण इथे फसायला जागा आहे. खाफ्रेच्या पिरॅमिडाचा पाया २१५.२५ मीटर. ०.५२३६ ने भागलं तर ४११, हात ०.५२५ धरला तर ४१०. दोन्ही हात पट्ट्यांच्या मर्यादेत बसतात, म्हणून फक्त लांबीवरून मूळ आकडा ठरवू नये. उताराची जोड घ्यावी. खाफ्रेचा उतार ५३ अंश १० मिनिटांच्या आसपास, सेकेद सव्वापाच, म्हणजे पाऊण हात आत आणि एक हात वर, ३-४-५ चा त्रिकोण. सहाव्या राजवंशातले तेती, पहिला पेपी, मेरेनरे आणि दुसरा पेपी यांचे पिरॅमिड हेच प्रमाण पाळतात : पाया १५० हात, उंची १००, सेकेद सव्वापाच, दर २ हातांना बाजू ३ हातांनी कमी. चार राजांनी एकच नकाशा वापरला असं म्हणायला हरकत नाही.

यांचा आतला भाग भरावाचा असल्याने आवरण गेल्यावर ते ढिगाऱ्यासारखे झाले, आणि उतार उरल्यासुरल्या चिऱ्यांवरून काढावा लागतो. चिऱ्यावर कोन घेताना पृष्ठभागाचा झिजलेला भाग टाळायचा, सांध्याच्या बाजूवरची मूळ कड वापरायची, आणि बैठक आजही आडवी आहे का ते आधी तपासायचं, कारण खचलेल्या चिऱ्याचा कोन खचण्यासकट मोजला जातो. एक मीटर लांबीच्या पृष्ठभागावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे साडेतीन मिनिटांची चूक. सव्वापाच आणि साडेपाच यांतलं ७७ मिनिटांचं अंतर एका चांगल्या चिऱ्यावर सहज ओळखू येतं. पाय आणि साडेपाचच्या सेकेदमधलं ४० सेकंदांचं अंतर ओळखायला मात्र मीटरभर कडेवर मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी अचूकता लागेल, आणि छिन्नीने तासलेल्या, हजारो वर्षं उघड्यावर राहिलेल्या चुनखडीवर ती मिळत नाही.